ईव्ही घेतल्यापासून आईला गाडी लागते, मदत हवी आहे

घाटपायथा

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे गाड्यांतले आणि घाटांतले दर्दी बरेच आहेत म्हणून विचारतोय.

आई ७१ वर्षांची. माहेर चिपळूणजवळ, सासर पाटण तालुक्यात. म्हणजे कुंभार्ली घाट तिला लग्नापासून पाठ. लाल डब्यात उभ्याने, जीपमध्ये कोंबून, भाताच्या पोत्यांवर बसून टेम्पोतून, सगळ्या प्रकारे तिने तो उतरलाय, पण तिला कधी गाडी लागली नाही. उलट ओकणाऱ्या पोरांच्या हातावर आवळासुपारी ठेवणारी ती.

मार्चमध्ये १२ वर्षांची पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली. त्यानंतर पुण्याहून चिपळूणला तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा घाटाआधीचं हेळवाक सोडल्यावर गाडी बाजूला घ्यावी लागली. उलटीची गोळी देऊन पाहिली तर ती चिपळूण येईपर्यंत झोपते आणि पुढचा अर्धा दिवस भोवंडल्यासारखी असते. तिचं म्हणणं, "गाडी चांगली आहे रे, तूच बिघडलास."

खरं सांगायचं तर ते पटतंय. पूर्वी मी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निवांत उतरायचो. आता समोर हिरवी पट्टी दिसते, पाय उचलला की वीज परत बॅटरीत. त्याचा नादच लागलाय. रीजेन (पाय उचलला की गाडी मंदावून वीज परत भरणारी सोय) कायम सगळ्यात वरच्या लेव्हलवर, प्रत्येक वळणाआधी पाय पूर्ण वर, वळण संपलं की पुन्हा दाबायचा. मागच्या फेरीत घाटमाथ्यावर बॅटरी ४१ टक्के होती, पायथ्याला पोफळीत ४४. शाळेत पहिला आल्यासारखं आरशात पाहिलं, तर मागे आई तोंडाला पदर लावून बसलेली.

हायवेवर मात्र मी सुधारलोय असं बायकोचं मत आहे. शंभराच्या जागी ८०-८५, हॉर्न जवळजवळ बंद, समोरच्याला चिकटणं बंद. उंब्रजच्या आसपास चार्जिंगला थांबावंच लागतं, त्यामुळे 'पोचायचंय' ही घाईच गेली.

दुसरी अडचण जास्त गंभीर. परवा भावाची जुनी पेट्रोल गाडी घेऊन साताऱ्याहून येत होतो. नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर लागलो, समोर टेम्पो होता, मी सवयीने नुसता पाय उचलला. गाडी कुठली थांबतेय! ब्रेकवर पाय जाईपर्यंत टेम्पोचा नंबर वाचता येईल इतका जवळ पोचलो होतो. क्लच दाबायचा विसरल्याने गाडी बंद पडली ती वेगळीच. त्या उतारावर कसे अपघात होतात ते पुणेकरांना सांगायला नको.

तर, घाटात रीजेन कुठल्या लेव्हलला ठेवता? पायाची ही खोड कशी मोडायची? आणि घरात दोन प्रकारच्या गाड्या असतील तर डोकं कसं बदलता? विकताना शोरूमवाल्याने यातलं एक अक्षर सांगितलं नाही, स्क्रीनवर गाणी कशी लावायची ते मात्र तीनदा दाखवलं.

सुपारीची_चंची

अगदी आमच्याच घरची गोष्ट. आमच्याकडे सासरे. मी रीजेन शून्यावर टाकलं, प्रश्न मिटला. गाडी पेट्रोलसारखी घरंगळते, कुणाला काही होत नाही. दोन टक्के वाचवून काय बंगला बांधणार आहात?

लाल_डबा

चंचीताई, सपाट रस्त्यावर ठीक, पण घाट उतरताना शून्य करू नका. ते गाडी न्यूट्रलला टाकून उतरवण्यासारखंच झालं. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणावर पकडत नाहीत. नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ट्रकांचं काय होतं ते दर महिन्याला पेपरात येतं.

माझे वडील एसटीवर ड्रायव्हर होते. त्यांचा नियम एकच, ज्या गिअरात चढवतोस त्याच गिअरात उतरव. रीजेन म्हणजे तुमचा इंजिन ब्रेकच (खालच्या गिअरात इंजिनच गाडीला रोखून धरतं तो) आहे, फरक एवढाच की इंजिन ब्रेकमध्ये ताकद वाया जायची, इथे मोटर उलटी जनरेटर होऊन ती परत देते. घाटात मधली लेव्हल लावा आणि पायथ्यापर्यंत तिला हात लावू नका. दर वळणाला लेव्हल बदलणारे लोक पाहिलेत मी, त्यांच्या मागे बसणाऱ्याची दया येते.

आणि धागाकर्ते, खरं दुखणं लेव्हल नाही, पाय आहे. वडील म्हणायचे, प्रवाशाच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. पेट्रोल गाडीत पाय झटकन उचलला तरी खपून जातं, गाडी आपल्या वजनाने पुढे जातेच. ईव्हीत पाय उचलणं म्हणजे ब्रेक मारणं. तेव्हा पाय *उचलायचा* नाही, *सैल सोडायचा*. तुपाची धार सोडतो तसा.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, पण घाटात मलाही लागते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

गाडी लागते ती डोळे आणि कान यांच्या भांडणामुळे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतोय, डोळे समोरच्या सीटची पाठ पाहून म्हणतात स्थिर आहोत. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण पुढचा हिसका कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. जुन्या गाडीत ती सूचना मागे बसणाऱ्यालाही मिळायची. इंजिनाचा आवाज चढायचा-उतरायचा, गिअर बदलल्याचं कळायचं, शरीर नकळत सावरून बसायचं. तुमच्या आईंनी ५० वर्षं ऐकलेली ती सूचना एकदम बंद झाली.

दुसरं म्हणजे सगळ्यात जास्त मळमळ हळू हेलकाव्यांनी होते, साधारण पाच सेकंदांना एक. बोटीत होतं तसं. आता तुम्हीच मोजा, वळणाआधी पाय वर, वळणानंतर खाली, याला किती सेकंद लागतात?

त्यांना पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर, मोबाईल नको, काच थोडी खाली, अगदी रिकामं पोट नको आणि भरपेट मिसळही नको. गोळीने त्या वयात गुंगी आणि तोल जाणं दोन्ही होऊ शकतं, त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दर फेरीला देऊ नका.

बॅटरीवाले_काका

त्या तीन टक्क्यांचा हिशेब मांडूनच टाकू, म्हणजे नाद तरी सुटेल.

माणसांसकट गाडी १९०० किलो धरा, घाट साधारण ६०० मीटर उंच. एवढी गाडी तेवढी खाली आली की जवळपास ३ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातलं एक युनिट टायर आणि रस्त्याच्या घासण्यात जातं, उरलेल्यातलं थोडं मोटरमध्ये आणि बॅटरीत उष्णता होऊन. हातात येतं दीड युनिट, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीत तीन-चार टक्के. तुम्ही पाय आपटत उतरलात काय नि अलगद उतरलात काय, आकडा जवळपास तोच राहणार, कारण उंची तीच आहे. उलट दरवेळी दाबून मग परत मिळवण्यात थोडं गळतंच. खरी बचत तुम्ही हायवेवर करताय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या तुलनेत १०० ला तो ५६ टक्के जास्त. आईंना छळून काही मिळत नाहीये.

एक धोक्याची सूचना. बॅटरी १०० टक्के असेल तर रीजेन जवळजवळ बंद असतं, वीज ठेवायला जागाच नसते. आम्ही पाचगणीला हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरलो. पहिल्याच वळणावर पाय उचलला आणि गाडी मोकाट. मी घाबरलो नाही असं सौभाग्यवतींना सांगितलंय. तेव्हापासून डोंगरावर मुक्काम असला की ८५-९० वर चार्जिंग थांबवतो.

फ्योर्डकाठी

नॉर्वेहून. इथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत दहापैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या, त्यामुळे हा विषय जेवणाच्या टेबलावरही असतो. काकांच्या मुद्द्याला जोड म्हणजे थंडीतही बॅटरी गार असली की रीजेन कमी मिळतं, आणि बर्फावर जोरात रीजेन लागलं तर चाकं घसरतात. म्हणून पायाची सगळी भिस्त रीजेनवर ठेवायची नाही हे आम्हाला हिवाळाच शिकवतो. माझी युक्ती अशी, गाडी कुठलीही असो, वेग कमी करायचा तेव्हा पाय ब्रेकवर नेऊन ठेवायचा. दाबायची गरज नसली तरी. दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतं आणि मग गाडी बदलली तरी गडबड होत नाही.

लाल_डबा

फ्योर्डभाऊंना अनुमोदन. शिवाय कोकणच्या पावसात ब्रेक वापरलेच नाहीत तर डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, रीजेन शून्यावर टाकून चार-पाच वेळा ब्रेक नीट दाबा.

घाटपायथा

सगळ्यांचे आभार. गणपतीला जाऊन आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

आई पुढे, बायको मागे. रीजेन मधल्या लेव्हलवर, आणि हिरवी पट्टी दिसू नये म्हणून स्क्रीनवर नकाशा लावून ठेवला. डॉक्टरांचं वाचून आणखी एक केलं, वळणाआधी तोंडाने सांगायला लागलो, "आता हळू करतोय हं." चौथ्या वळणाला आई म्हणाली, "कळतंय मला, तू पुढे बघ." पोफळीपर्यंत गाडी थांबवावी लागली नाही. खाली उतरल्यावर मात्र ती दहा मिनिटं गप्प बसून होती, त्यामुळे पूर्ण जिंकलो असं म्हणणार नाही. परतताना चढावर तिला काहीच झालं नाही, बायकोला मागे थोडं मळमळलं.

काका, बॅटरी या वेळीही तीन टक्केच वाढली.

पाय ब्रेकवर ठेवण्याचा सराव सोसायटीच्या पार्किंगपासून सुरू केलाय. भावाची गाडी अजून मागितलेली नाही. डाव्या, क्लचच्या पायाचं काय करायचं यावर कुणाकडे उपाय असेल तर लिहा, तो अजून सिग्नलला गाडी थांबली तरी झोपलेलाच असतो.