वार एक, पिशव्या दोन: जुळ्यांच्या गर्भारपणात याचा अर्थ काय?

प्रश्न: मला १३ वा आठवडा सुरू आहे. सोनोग्राफीच्या अहवालात जुळी बाळे असून वार (आईकडून बाळांना पोषण पोहोचवणारा गर्भाशयातील अवयव, प्लॅसेंटा) एकच, मात्र पाण्याच्या पिशव्या दोन असल्याचे लिहिले आहे. १६ व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायला सांगितली आहे. दोन्ही बाळांची वाढ चांगली आहे आणि पिशव्याही वेगळ्या आहेत, मग वार एक असल्याने काय बिघडते?

उत्तर १: मी प्रसूतितज्ज्ञ आहे. जुळी एकसारखी आहेत का, यापेक्षा वार एक आहे की दोन, हे आम्ही आधी पाहतो. एकाच फलित बीजाचे विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले, तर एकसारख्या जुळ्यांनाही स्वतंत्र वार मिळते. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान झाले, तर आपल्यासारखी स्थिती होते. पिशव्यांमधला पडदा दोघांचे पाणी वेगळे ठेवतो, रक्त नाही. सामाईक वारेतील रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना जोडतात आणि अशा सुमारे १० ते १५ टक्के गर्भारपणांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहू लागते. देणाऱ्या बाळाला लघवी कमी होऊन त्याच्या पिशवीतले पाणी आटते, तर घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी वाढते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. हा बदल थोड्या दिवसांत होऊ शकतो, म्हणून पंधरा दिवसांचे अंतर. वेळीच कळले, तर गर्भाशयात दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेसरने बंद करता येतात. म्हणून एकही तारीख चुकवू नका.

उत्तर २: माझ्या मुलींची वारही एक होती आणि पिशवीही एकच. मध्ये पडदाच नसल्याने दोघींच्या नाळा एकमेकींत गुंतल्या होत्या आणि ३३ व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन करावे लागले. ते दिवस फार काळजीचे होते. आपल्याकडे पडदा आहे, ही खरोखर दिलासा देणारी बाब आहे.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. दोन तपासण्यांच्या मध्ये मी कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर १: पोट अचानक ताठ होऊन वाढले, धाप लागू लागली किंवा पोटात कळा आल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. सारे सुरळीत राहिले, तर आपल्यासारख्या जुळ्यांची प्रसूती साधारण ३६ व्या आठवड्यात करतात. त्या दृष्टीने नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आतापासूनच निवडून ठेवा.