ऊसतोड कामगारांच्या लेकरांचं चित्रपुस्तक स्वतः छापायचंय

माझी लेक दुसरीत आहे, तिच्या गोष्टींच्या पुस्तकांत सगळी बंगलेवाली घरं, दिवाळीनंतर मायबापासंग कारखान्यावर जाणारं बंजारा तांड्यावरचं लेकरू कुठंच नाही, म्हणून गोष्ट मीच लिहिली. आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, किती पैसे लागतात? मी बीडची.

– ताई, फुकट मिळतो. तो देणाऱ्या सरकारी राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करा, एजंट नको. पिनवालं पुस्तक असंल तर पानं चारच्या पटीत ठेवा, 16 नाहीतर 24. आधी डिजिटल छपाईवर थोड्याच कॉपी काढा, ऑफसेट (प्लेटा बनवून छपाई) जास्त प्रतींनाच परवडतं.

– चित्रकाराला आधी तांड्यावर न्या! फेटिया-कांचळीवरचे (बंजारा बायांच्या घागरा-चोळीवरचे) आरसे, कवड्या बघून काढू द्या, नेटवरून उचललेला घागरा तिथल्या लेकरांना लगेच कळतो. थोडे संवाद गोरमाटीतच, म्हणजे बंजारा बोलीतच, ठेवा.

– हो दादा, छापायच्या आधी तिथंच वाचून दाखवते.