फासे, मॅट, टॉवर, स्क्रीन... आणि खेळायचं कधी?

हरी_खाटल्यावरी
‘टेबल तयार नसेल तर कॅम्पेन सुरू करू नका’ हा डीअँडडीवरचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा कथेचा खेळ) लेख वाचला आणि डोकं सटकलं. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू करणाऱ्या नव्या डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सामानाची यादी दिली आहे. धातूचे फासे, डाइस टॉवर (वरून फासे टाकायचा उभा डबा), चौकटींची व्हिनाइलची मॅट, प्रत्येक पात्राची रंगवलेली मिनी (छोटी मूर्ती), डीएम स्क्रीन (डीएमच्या नोंदी झाकणारा आडोसा), पार्श्वसंगीताला स्पीकर. वर शेरा, की एवढंही नसेल तर तुम्ही खेळाडूंचा वेळ वाया घालवताय.

अहो, १९७४ च्या मूळ डीअँडडीच्या पहिल्या पुस्तिकेत शिफारस केलेल्या सामानाची यादी आहे. वही, आलेखाचा कागद, पेन्सिली, फासे. आणि त्याच यादीत कल्पनाशक्ती आणि एक सोशीक रेफरी. स्पीकर नाही.

मी कित्येक वर्षं डीएमगिरी करतोय. माझ्या टेबलावर सात फाशांचा एक संच आहे आणि तो सगळ्यांत फिरतो. शत्रू म्हणून शर्टाची बटणं. गॉब्लिन दोन भोकांचे, ऑग्र चार भोकांचा. कुणाचं काही अडलेलं नाही.

गॉब्लिनमामा
तो लेख माझा नाही, पण यादीतल्या निम्म्या गोष्टी माझ्या कपाटात आहेत, म्हणून बोलतो.

मूळ पुस्तिकेचा दाखला देताय तर पूर्ण द्या की. त्याच यादीत सहा बाजूंच्या फाशांच्या ‘४ ते २० जोड्या’ मागितल्या आहेत. वीस जोड्या! शिवाय ‘चेनमेल’ या युद्धखेळाचे नियम वेगळे आणा, आणि ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा चक्क दुसऱ्या कंपनीचा खेळ आणा. खिशाला चाट लावायची परंपरा थेट मूळ पुरुषांपासून आहे.

आणि एक संच सगळ्यांत फिरतो म्हणजे काय? पाच जण एका डी२० साठी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशासाठी, हात पसरून बसणार. इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी) टाकायलाच अर्धा तास.

पेन्सिलबहाद्दर
बटणांना +१. मिनी रंगवत बसलेला आमचा एक मित्र अजून पहिल्या सेशनलाच आलेला नाही. रंगाचा बेसकोट वाळतोय म्हणे.

मंत्रचळ
सगळे भलत्याच गोष्टीवर भांडताय. मुख्य प्रश्न फासे *खरे* आहेत का, हा आहे. बाजारातल्या बहुतेक प्लास्टिक फाशांच्या कडा घासून गोल केलेल्या असतात. त्यात प्रत्येक बाजू सारखी झिजेल याची काय खात्री? फासे बनवणारे लू झॉकी हेच सांगत आले. एकाच प्रकारचे डी२० वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून रचायचे आणि उंची कशी बदलते ते दाखवायचे. म्हणून मी धारदार कडांचेच घेतो. घेतल्यावर आधी मिठाच्या पाण्यात तरंगवून बघायचं. परत परत तोच आकडा वर आला, की फासा बाद.

बाराकोनी
आलं का मिठाचं पाणी! दर वेळी येतं.

मंत्रचळ, ही चाचणी आतली पोकळी किंवा बुडबुडा दाखवेल फार तर. बाजू वाकडी आहे का, कड जास्त झिजली आहे का, याबद्दल ती अवाक्षर सांगत नाही. मुळात झॉकींचा मुद्दा आकाराचा होता आणि तुम्ही तपासताय वजन. शिवाय मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकलं तरी पाण्याची घनता साधारण १.२ च्या वर जात नाही. काही रेझिनचे फासे त्यात सरळ तळ गाठतात. धातूचे तर विचारूच नका.

आणि धारदार कडांच्या त्या फाशांवर साच्यातून तोडल्याची खूण राहते, ती विसरलात. ती बाजू खाली नीट टेकत नाही, म्हणजे तिच्या समोरचा आकडा मार खाणार. घासा आता कानशीने.

मंत्रचळ
घासतोच मी. कानस आहे माझ्याकडे.

आणि अनुभवाचं काय? माझा एक जांभळा डी२० आहे, ऐन वेळेला कायम १. बॉसच्या समोर १. दार उघडताना १. एकदा तर झोपलेल्या पहारेकऱ्याजवळून जाताना १, आणि त्यातून अख्ख्या पार्टीचा टीपीके, म्हणजे सगळी पात्रं ठार. पाण्यात टाकला तर १ वरच आला. हा योगायोग?

बाराकोनी
हो.

बरं, सविस्तर. तुम्हाला १ लक्षात राहतात, ११ कोण लक्षात ठेवतं? तपासायचंच असेल तर काय-वर्ग (chi-square) चाचणी करा: प्रत्येक आकडा किती वेळा आला आणि किती वेळा यायला हवा, या फरकाचा वर्ग अपेक्षित संख्येने भागायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. प्रत्येक आकडा सरासरी पाच वेळा तरी यायला हवा, म्हणजे किमान १०० टाक. बेरीज ३०.१४ च्या वर गेली तर संशयाला जागा आहे, आणि तीसुद्धा पाच टक्के चुकीची शक्यता धरून. बारीकसा कल पकडायला शेकडो नाही, हजारो टाक लागतील. एका कॅम्पेनमध्ये एका फाशाचे तेवढे टाक कुणी करत नाही. म्हणजे जो दोष शोधायला हजारो टाक लागतात, तो तुमच्या टेबलावर जाणवणारच नाही. जाणवतो तो रडका स्वभाव.

मंत्रचळ
वैयक्तिक जाऊ नका. मी तुमच्या स्वभावावर बोललो का?

शून्य_हिटपॉइंट
भांडा भांडा. तोवर माझी एक जखम: पत्त्यांच्या खेळात आयुष्य मोजायला देतात तो डी२० कुणी आणला तर त्याला टेबलावरून उठवा. त्यावर २०, १९, १८ शेजारी शेजारी असतात, म्हणजे मोठे आकडे सगळे एका अंगाला. नेहमीच्या डी२० वर आकडे विखुरलेले असतात, समोरासमोरची बेरीज २१. आमच्यातला एक जण तो मोजणीचा फासा चिमटीत धरून २० वर करून अलगद घरंगळवायचा. ‘माझी टाकायची पद्धतच अशी’ म्हणे! मैत्री तुटली, खरंच.

गॉब्लिनमामा
यासाठीच टॉवर, मायबाप! वरून टाका, आत आपटत येईल, हाताची कलाकारी खलास. रोमन लोकांनासुद्धा कळलं होतं. जर्मनीत चौथ्या शतकातला धातूचा टॉवर सापडला आहे, आत पट्ट्या, बाहेर पायऱ्या आणि सगळं. हरीभाऊ, ही परंपरा तुमच्या १९७४ पेक्षा जुनी आहे.

हरी_खाटल्यावरी
रोमन लोकांचं साम्राज्य बुडालं, हेही लिहा.

आणि धातूच्या फाशांबद्दल सगळे गप्प का? पाहुण्या खेळाडूने आणलेल्या धातूच्या डी४ ने आमच्या यजमानांच्या टेबलाच्या पॉलिशवर त्रिकोणी खड्डे पाडलेत. ‘ट्रे घेतला असता तर’ असं उत्तर मिळालं. म्हणजे फाशासाठी ट्रे, ट्रेसाठी आतून फेल्ट, आणि फेल्टसाठी बहुधा ब्रश. संपतच नाही.

अंधारकोठडी
मी सहसा लिहीत नाही, पण चीड आली म्हणून लिहिते. तुम्ही सगळे फासा कसा *पडतो* यावर भांडताय. तो *वाचता* येतो का, यावर एकाचंही वाक्य नाही. माझी नजर कमी आहे. आमच्याकडे फॅशन म्हणजे आत चकाकी भरलेले अर्धपारदर्शक फासे आणि त्यावर सोनेरी नक्षीदार आकडे. ६ की ९ ते सांगणारी रेघही त्या नक्षीत हरवते. मी दर टाकेला शेजाऱ्याला विचारते, ‘किती आले?’ हे किती लाजिरवाणं असतं, कल्पना आहे का?

शेवटी मी एक मोठा पांढरा डी२० घेतला. अपारदर्शक, काळे ठसठशीत आकडे. इतरांच्या संचांशेजारी खेळणं दिसतं, पण मी माझा आकडा मीच सांगते. हरीभाऊ, तुमच्या ‘एक संच सगळ्यांत फिरतो’ मध्ये मी कुठे बसते?

पेन्सिलबहाद्दर
हा मुद्दा खरा आहे. डी४ चंही तेच. काहींवर आकडा टोकाशी वाचायचा, काहींवर तळाशी. दोन प्रकारचे डी४ एका टेबलावर आले की हीलिंगचा (जखमा भरण्याचा) हिशेब गेलाच.

हरी_खाटल्यावरी
अंधारकोठडीताई, तुमचा फासा मला मान्य. तो खेळ चालावा म्हणून घेतलेला आहे. माझा राग फोटो चांगला यावा म्हणून घेतात त्यावर आहे.

गॉब्लिनमामा
मग मॅटही खेळ चालावा म्हणूनच आहे. सांगतो. मॅट नव्हती तेव्हा आमच्या विझार्डने (जादूगाराने) फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकला. २० फूट त्रिज्या, म्हणजे ५ फुटांच्या चौकटी धरल्या तर आरपार ८ चौकटी. रोग (म्हणजे आमचं चोराचं पात्र) म्हणाला मी खांबामागे होतो, विझार्ड म्हणाला तू दारात होतास, डीएम म्हणाला मला वाटलं तू अजून जिन्यातच आहेस. सेशन तिथेच संपलं. रोग मेला की नाही यावर आजही मतभेद आहेत. १ इंची चौकटींची मॅट असती तर बोट ठेवून दाखवलं असतं.

शून्य_हिटपॉइंट
मॅट घेणाऱ्यांनो, व्हिनाइलवर ओल्या फडक्याने पुसायचाच मार्कर वापरा, पांढऱ्या फळ्याचा नको. आणि लाल तर रात्रभर ठेवूच नका. आमच्या मॅटवर लाव्हाची नदी कायमची उमटली आहे. सराय असो की राजवाडा, मधून लाव्हा जातोच. आमचा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) आता विचारतसुद्धा नाही, वळसा घालून जातो.

हरी_खाटल्यावरी
ठीक आहे, चौकटी हव्यात. आलेखाचा कागद त्या मूळ यादीत होताच, त्यामुळे मी हरलो असं कुणी समजू नये. कागद मोठा घ्या, लाव्हा चुरगाळून टाकून देता येतो. गॉब्लिनमामांनी मॅटच घ्यावी. कपाटात जागा असेल तर.

गॉब्लिनमामा
जागा केली जाईल. तुमच्या बटणांसाठीही एक डबी देतो, कप्प्यांची.

मंत्रचळ
जांभळा फासा टाकून मोजला. बाराकोनींनी सांगितलं तसंच, प्रत्येक आकड्याची खूण करत, ट्रेमध्ये. बेरीज ३०.१४ च्या बरीच खाली आली. १ जेवढे यायला हवेत त्याहून कमीच आले.

तरीही तो फासा मी वापरणार नाही.

बाराकोनी
मग मला द्या.

मंत्रचळ
नाही.