जुन्या फोर-स्ट्रोकचा काळा धूर, कार्ब की रिंगा?

प्रश्न: माझी जुनी सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक गाडी गरम झाली की आयडलिंगला गचके खाते, रेस केली की काळा धूर, कधी निळसर पण वाटतो. ॲव्हरेज पण पडलंय. कार्ब (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) साफ केला, फरक नाही. इंजिन खोलायला लागेल का?

उत्तर १: अहो थांबा, इंजिन एवढ्यात खोलू नका! आधी स्पार्क प्लग काढून बघा, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकट असेल तर ऑइल जळतंय. निळा धूर नीट उजेडात बघा, उतारावर थ्रॉटल बंद ठेवून खाली आल्यावर परत रेस दिली की भपकन येतो का? मग व्हॉल्व्ह गाईड किंवा तिथलं ऑइल अडवणारं सील गेलंय. लोड घेताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. सकाळचा पांढरा म्हणजे बहुतेक वाफच, सोडून द्या.

उत्तर २: थंड इंजिन सुरू करायचा चोक पूर्ण परत बसतोय का आणि एअर फिल्टर चोंदलाय का ते बघा, आणि कार्ब नुसता धुवून भागत नाही, झिजलेलं धुवून थोडंच भरून येतं.

प्रश्नकर्ता: प्लग कोरडा काळाकुट्ट निघाला. फ्लोट निडलच्या (कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) टोकाला गोल चर पडलाय, नखाला लागतो.

उत्तर १: सापडलं मग! चरामुळे निडल नीट बंद होत नाही, म्हणून पेट्रोल जास्त जातंय. निडल आणि सीट दोन्ही बदला, फ्लोटची लेव्हल मॅन्युअलप्रमाणे लावा. हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा मिक्श्चर स्क्रू त्यानंतर, इंजिन गरम असताना. आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही बदला, पातळ ऑइलवर गाडी चालवू नका.