वार्षिक अहवालाच्या फाइलीत स्टाईल सक्तीची करावी का?

रामबागकर
इंदूरच्या आमच्या मंडळाचा वार्षिक अहवाल चाळीसेक पानांचा असतो. ग्रंथालय, नाट्यशाखा, गणेशोत्सव, व्याख्यानमाला अशा प्रत्येक विभागाचे प्रमुख आपापला मजकूर पाठवतात आणि तो एका फाइलीत जोडायचं काम माझ्याकडे असतं. एकाचं शीर्षक १६ आकाराचं ठळक, दुसऱ्याचं १४चं अधोरेखित, तिसऱ्यानं नवं पान हवं म्हणून एंटरवर एंटर दाबलेले. वर कुठे एक ओळ वाढली की पुढची सगळी पानं सरकतात आणि अनुक्रमणिका हातानं पुन्हा लिहावी लागते.

यंदा कार्यकारिणीपुढे मी असा प्रस्ताव ठेवणार आहे : सगळ्यांना एक कोरी नमुना फाइल द्यायची. तिच्यात शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, अवतरण आणि तक्त्याचा मजकूर एवढ्याच परिच्छेद-स्टाईल, म्हणजे अक्षराचा फाँट, आकार, जागा वगैरे एका नावाखाली ठरवून ठेवलेली रूपं. प्रकरण नव्या पानावर सुरू व्हावं, शीर्षक पानाच्या तळाशी एकटं पडू नये, दोन परिच्छेदांत किती जागा असावी, हे सगळं स्टाईलमध्येच ठरलेलं असतं, त्यासाठी रिकाम्या ओळी लागत नाहीत. अनुक्रमणिका शीर्षकांवरून आपोआप तयार होते. स्टाईल न लावलेली फाइल आली तर ती परत जाईल. आपलं मत काय?

खजुरी बाजार डीटीपी
सक्तीला माझा साफ विरोध. टायपिंग आणि डीटीपी हे माझं पोटापाण्याचं काम आहे, संस्थांचे अहवाल माझ्याकडे येतच असतात. आपल्याकडे अजून बरंच काम कृतिदेव या फाँटमध्ये चालतं. कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत त्यात नाही. फाइलीत खरी अक्षरं इंग्रजीच असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. अशा परिच्छेदावर वर्डमध्ये तुमची ‘मजकूर’ स्टाईल लावली आणि तिच्यात दुसरा फाँट असला, की ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई-जे-के-बी-एच ही पाच इंग्रजी अक्षरं उभी राहतात. विभागप्रमुख घाबरून मला फोन करतात. पानं शेवटी मी कोरल ड्रॉ नाहीतर इनडिझाईनमध्येच लावतो. मग हा खटाटोप कशाला? अहवाल सभेच्या दिवशी वाटला की त्याचं काम संपलं.

रामबागकर
दादा, कृतिदेवचं तुम्ही सांगता ते अगदी खरं आहे. आधी युनिकोडमध्ये रूपांतर आणि मगच स्टाईल, हाच क्रम ठेवावा लागेल, तो मी प्रस्तावात घालतो. इनडिझाईनबद्दल मात्र उलट बोलतो. वर्डची फाइल आत घेताना तिथली कोणती स्टाईल इथल्या कोणत्या स्टाईलला जोडायची, हे इनडिझाईनमध्ये ठरवता येतं. वर्डमध्ये शीर्षकं नीट लावलेली असली तर तुम्हाला एकेक शीर्षक शोधून सजवावं लागणार नाही. आणि ही काही कालची टूम नाही. १९८३ साली डॉसवर आलेल्या पहिल्या वर्डमध्येही स्टाईल शीट होती.

सभेच्या दिवशी काम संपतं, हे मला मुळीच पटत नाही. मंडळाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस सगळ्यात आधी जुने अहवालच मागतो.

निवृत्त हिशेबनीस
परिच्छेदांचं एक वेळ ठीक आहे. तक्त्यांचं काय? माझ्याकडे देणगीदारांची यादी आहे, पानंच्या पानं चालते. वर्डमध्ये तयार तक्ता-स्टाईल घेतली, तिच्यात अक्षराचा आकार १० केला. रुपयांचे इंग्रजी आकडे लहान झाले, पण देणगीदारांची मराठी नावं होती तेवढीच राहिली. एकाच ओळीत दोन आकार! लिबरऑफिसच्या रायटरमध्ये तक्त्याला तयार स्टाईल लावता येते, पण ती स्टाईल उघडून बदलायची सोय फारच तोकडी आहे. जे नीट चालत नाही ते सक्तीचं करू नये. तक्त्यांच्या रेघा मी हातानंच मारणार.

सुदामानगर
काका, तुमच्या यादीत जे झालं ते मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला छळतं. वर्डमध्ये प्रत्येक स्टाईलला दोन फाँट आणि दोन आकार असतात : एक लॅटिन लिपीचा आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा. देवनागरी दुसऱ्या खात्यात मोडते. तुमचा १० पहिल्या खात्यात गेला. फाँटची पूर्ण खिडकी उघडून खालचा आकारही १० करा. ठळकपणाचंही तसंच, तो दोन्हीकडे वेगळा नोंदला जातो. रायटरमध्ये हेच खातं ‘सीटीएल’ नावानं दिसतं.

दुसरं असं, की अक्षराचा आकार तक्ता-स्टाईलवर सोडूच नका. वर्डमध्ये एकावर एक थर असतात. तळाशी दस्तऐवजाचे मूळ गुण, त्यावर तक्ता-स्टाईल, त्यावर परिच्छेद-स्टाईल, मग अक्षर-स्टाईल आणि सगळ्यात वर हातानं केलेले बदल. वरचा थर खालच्याला झाकतो. ‘नॉर्मल’ या वर्डच्या मूळ परिच्छेद-स्टाईलमध्ये आकार ठरवलेला असला तर तक्ता-स्टाईलमधला आकार झाकला जाऊ शकतो. म्हणून तक्ता-स्टाईलकडे फक्त रेघा आणि रंगाच्या पट्ट्या द्या. नावांसाठी ‘तक्ता-नाव’, रकमांसाठी उजवीकडे टेकलेली ‘तक्ता-रक्कम’ अशा दोन परिच्छेद-स्टाईल करा आणि स्तंभ निवडून लावा. उद्या यादीचा आकार ९ करायचा ठरला तर दोनच ठिकाणी बदलायचा. रायटरमध्ये तर तक्ता घातला की पहिल्या ओळीला तक्ता-शीर्षकाची आणि बाकीच्यांना तक्ता-मजकुराची परिच्छेद-स्टाईल आपोआप लागते. त्या दोन नीट केल्या की तिथल्या तक्ता-स्टाईलची उणीव फारशी जाणवत नाही.

यादी पुढच्या पानावर गेली की ‘नाव, गाव, रक्कम’ ही ओळ तिथेही यावी, यासाठी शीर्षक-ओळ पुन्हा दाखवायचा वेगळा पर्याय आहे. प्रत्येक पानावर ती ओळ हातानं टाईप करू नका. मधे एक देणगीदार वाढला की ती पानाच्या मध्यावर येते.

निवृत्त हिशेबनीस
कॉम्प्लेक्सचा आकार आत्ताच बदलून पाहिला. नावं लहान झाली. देणगीदारांच्या यादीपुरतं मान्य. जमाखर्च पत्रकाला मात्र हे चालणार नाही. त्यात दोन बाजू, जोडलेली घरं, पोटबेरजा असतात आणि सीएकडून ते एक्सेलमध्ये येतं. ते मी पीडीएफ करूनच जोडणार.

राजेंद्रनगरच्या ताई
आपल्या गावात मराठी अहवालातही हिंदी असतेच. पंजीयन कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हिंदी, ठराव मराठी, पाहुण्यांचे संदेश दोन्हींत. म्हणून मी स्टाईलच्या बाजूनं आहे. स्टाईलमध्ये भाषाही नोंदवता येते. ‘मजकूर-मराठी’ आणि ‘मजकूर-हिंदी’ अशा दोन केल्या की शुद्धलेखन तपासणी त्या त्या भाषेच्या शब्दकोशातून होते, सगळं पान लाल रेघांनी भरत नाही. काही युनिकोड फाँट रायटरमध्ये भाषा पाहून अक्षराचं वळणही बदलतात. मराठी नोंदवलेली असली की पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदी असली की हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयात हीच मराठी वळणं प्रमाण ठरवली आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून आपण मराठी छापतो, तर ल आणि श तरी आपले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

नाट्यशाखा
वरची सगळी माहिती उपयोगाची आहे, पण ‘फाइल परत जाईल’ हे वाक्य मला खटकलं. आमच्याकडे अहवाल लिहिणारे काका पंचाहत्तरीचे आहेत. ते फोनवर बोटानं लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यांना सगळे प्रयोग आठवतात, कोणी कुठली भूमिका केली तेही. त्यांना म्हणायचं का, की आधी परिच्छेद-स्टाईल शिका? ते लिहायचं बंद करतील आणि त्या वर्षाचं नाटक कागदावर येणारच नाही. शिस्तीपायी लिहिणारा माणूस गमवायचा असेल तर मला ती शिस्त नको.

ऐकून वाचणारा
मला दिसत नाही. मंडळाचा अहवाल मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकतो. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर जाता येतं, टी दाबलं की पुढच्या तक्त्यावर. पण हे शीर्षक स्टाईलनं केलेलं असेल तरच. ठळक आणि मोठी केलेली ओळ माझ्यासाठी साधी ओळच असते. मागच्या अहवालात एचवर काहीच सापडलं नाही, ग्रंथालयाचा भाग गाठायला मला सुरुवातीपासून सगळं ऐकावं लागलं. तक्त्याची शीर्षक-ओळ नोंदवलेली असली तर रकमेच्या घरात आल्यावर ‘रक्कम’ असं आधी ऐकू येतं, नाहीतर नुसता आकडा. काकांनी जमाखर्चाची पीडीएफ स्कॅन करून जोडली तर मला तीही मिळत नाही. एक्सेलमधून थेट पीडीएफ केली तर निदान आकडे ऐकता येतील. फाँट कोणता, रंग कोणता, यात मला काही म्हणायचं नाही. शीर्षकांबद्दल मात्र मी हट्ट धरणार.

निवृत्त हिशेबनीस
एक्सेलमधूनच थेट करीन. स्कॅन करणार नाही.

रामबागकर
नाट्यशाखेचा मुद्दा मी प्रस्तावात घेतो. लिहिणाऱ्यानं फोनवर लिहावं, हातानं कागदावर लिहावं, काहीही चालेल. नियम फाइल जोडणाऱ्याला, म्हणजे मला आणि माझ्यानंतर हे काम करणाऱ्याला. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर नुसता मजकूर म्हणून चिकटवायचा आणि स्टाईल लावायच्या. शीर्षकांवर मात्र सवलत नाही, कारण वर लिहिलंच आहे. नमुना फाइलीत स्टाईल ‘आपोआप अद्ययावत’ करण्याची खूण मी काढून ठेवणार आहे. ती राहिली तर कोणी एक परिच्छेद तिरपा केला की त्या स्टाईलचे सगळेच तिरपे होतात.

खजुरी बाजार डीटीपी
लिहिणाऱ्यांवरचं ओझं काढलंत, हे चांगलं केलंत. तरी माझा विरोध कायम आहे. जोडणारा बदलला की पुढच्या वर्षी पुन्हा कृतिदेवची फाइल माझ्याच टेबलावर येणार. ‘सक्ती’ हा शब्द प्रस्तावात राहिला तर मी सभेत विरोधात बोलणार. फाइल युनिकोडमध्ये आणि शीर्षकं लावून आली तर पान लावायचे पैसे कमी घेईन, एवढं मात्र इथेच लिहून देतो.

रामबागकर
दादा, हे वाक्य तुमच्या परवानगीनं प्रस्तावाच्या खर्चाच्या कलमात घालतो. ‘सक्ती’ हा शब्द फक्त शीर्षकं आणि तक्त्यांच्या शीर्षक-ओळी यांच्यापुढे राहील, बाकी सगळीकडून काढतो. नमुना फाइल रविवारी ग्रंथालयातल्या संगणकावर ठेवतो. ज्यांना तपासायची असेल त्यांनी आपल्या विभागाचा मागच्या वर्षीचा मजकूर घेऊन यावं, तिथेच लावून बघू.