गाडीतले बदल विमा कंपनीला सांगायचे की नाही?

धंतोलीकर
माझं मत सरळ आहे. गाडीत बदल केला की विमा कंपनीला कळवावं आणि वाढीव प्रीमियम भरावा. नागपुरात हिंगणा रोड, कामठी रोडवर बाहेरून सीएनजी किट बसवून घेणारे कितीतरी जण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंधनाची नोंद बदलत नाहीत. कारण काय, तर आरटीओच्या चकरा नकोत आणि प्रीमियम वाढायला नको.

वाढतो किती ते बघा. जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे, किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) ६० रुपये. ओन डॅमेजचे दर कंपन्या २००७ पासून स्वतः ठरवतात, तरी हाच हिशोब अजून सर्रास चालतो. म्हणजे ६०,००० च्या किटला २,४६० रुपये, वर जीएसटी. बाहेरून लावलेली म्युझिक सिस्टीम, जादा दिवे यांनाही किमतीच्या ४ टक्केच. एवढे वाचवायला आठ-दहा लाखांच्या गाडीचा क्लेम पणाला लावायचा?

हिंगणा_गॅरेज
भाऊ, किटचं अन् टेपचं ठीक आहे, त्याले फॉर्ममधे रकाना आहे. अलॉय व्हील लावले, टायर एक साइझ वर नेला, सस्पेन्शन बदललं, तर सांगायचं कुठं? ऑनलाइन पॉलिसीत हे कोणी विचारतच नाही. माझं एक गिऱ्हाईक अलॉयचं बिल घेऊन कंपनीच्या शाखेत गेलं, तर म्हणे, क्लेमच्या वेळी पाहू. प्रीमियम घेताना पाहायचं नाही अन् पैसे देताना टॉर्च घेऊन गाडीखाली वाकायचं, हा कोणता न्याय? शोरूमनं डिलिव्हरीआधी लावले तर ते ॲक्सेसरी, आम्ही लावले तर मॉडिफिकेशन. माल तर एकाच डीलरकडून येते.

अन् धोका वाढते म्हणून पैसे घेता ना, मंग धोका कमी करणाऱ्याले सूट द्या. मे महिन्यात ४५ डिग्रीत समृद्धीवर जाणारा माणूस झिजायच्या आधीच टायर बदलते. त्याचा प्रीमियम एक रुपयानं उतरत नाही.

सदरची_वकील
सूट अगदीच नाही असं नाही. एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर टॅरिफमध्ये ओन डॅमेजवर २.५ टक्के सूट आहे, पण कमाल ५०० रुपये. तेवढ्यात उपकरणाचा खर्चही निघत नाही, म्हणून तुमचा मुद्दा मला पटतो.

रकाना नाही म्हणून गप्प बसणं मात्र चूक. बिल जोडून ईमेल करा, एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी नोंद, मागा, पोच जपून ठेवा. कंपनीने उत्तर दिलं नाही तरी 'तुम्ही लपवलं' असं म्हणणं तिला जड जातं. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा बचाव मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला दिलेलाच आहे. तो तिच्या हातात आयता का द्यायचा?

आणि सगळे बदल एका तागडीत तोलू नका. मान्यताप्राप्त किट आरसीवर चढवता येतं. पण निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल कलम ५२ ला चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जास्त प्रीमियम भरला म्हणून असा बदल कायदेशीर होत नाही.

पण धंतोलीकर दादा, तुमच्या बोलण्यातून असा अर्थ निघतो की कळवलं नाही तर कंपनीने क्लेम नाकारला ते योग्यच. हे मला मान्य नाही. बर्डीवर उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं, तर डिकीतल्या सिलिंडरचा त्या अपघाताशी काय संबंध? खासगी गाडी भाड्याने चालवली आणि ती चोरीला गेली, अशा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये क्लेमच्या ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. अटीचा भंग झाला होता, पण त्या भंगामुळे चोरी झालेली नव्हती. बदलांनाही हीच कसोटी लावा. नुकसान त्या बदलामुळे झालं का, हे कंपनीने दाखवावं.

धंतोलीकर
ताई, ७५ टक्के मिळतील, पण ग्राहक आयोगात किती तारखा पडल्यावर? तोवर गाडीचे हप्ते चालूच. आणि आगीत हा संबंध थेट असतो. हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब लावायचे, रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) न घालता मूळ वायर कापून जोड द्यायचा, मग वायरिंग तापून पेटलं की कंपनीला शिव्या द्यायच्या.

हिंगणा_गॅरेज
वायर कापणाऱ्याची बाजू मी घेतच नाही. रिले अन् फ्यूज घातल्याशिवाय माझ्याकडे जादा दिवा लागत नाही. सीएनजी सिलिंडरची हायड्रोटेस्टही, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी झालीच पाहिजे.

मानेवाडा_दुचाकी
तुमचं सगळं बोलणं गाडीमालकाच्या खिशाभोवती फिरतंय. आम्ही रस्त्यावर समोर असतो, आमचं काय? थर्ड पार्टीचा दर सरकार इंजिनावरून ठरवतं. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. बंपरसमोर लोखंडी दांड्यांचा बुल बार लावा, डोळे दिपवणारे दिवे लावा, हा आकडा हलत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, कारण पायी चालणाऱ्याला त्याचा मार जास्त बसतो आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का नीट पोचत नाही म्हणून आतल्यांनाही धोका. तरी रिंग रोडवर उभं राहा, बुल बारच्या गाड्या दिसतीलच. गॅस किटवाल्याने ६० रुपये जास्त द्यायचे आणि माझी बरगडी मोडू शकेल अशा गाडीने शून्य, हे मला पटत नाही. त्याचा दर लावा, चांगला सणसणीत लावा.

सदरची_वकील
नाही, दर लावायचाच नाही. दर लावला की त्याला हक्क वाटायला लागेल, 'मी पैसे भरले'. बुल बार गाडीवरून उतरलाच पाहिजे.

हिंगणा_गॅरेज
ताई, उतरवणार कोण? चौकात चलान फाडून माणूस पुढं जाते, अन् बार तसाच राहते. पॉलिसी रिन्यू करताना गाडीचे समोरून, मागून फोटो मागा. बार दिसला तर रिन्यूच करू नका.

मानेवाडा_दुचाकी
आणि मग ती गाडी विम्याशिवाय रस्त्यावर फिरली, तर मला ठोकल्यावर भरपाई कोण देणार?