मदत हवी आहे: पेप्टाइडांना प्रतिसाद येतो, पूर्ण प्रथिनाला सीडी४ पेशी गप्प

क्षयाच्या जिवाणूचं ईसॅट-६ हे प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलेलं आहे. रक्तातल्या मोनोन्यूक्लिअर पेशी, वेलमागे (प्लेटच्या खळग्यामागे) १० लाख. प्रथिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ब्रेफेल्डिन ए (पेशीतून प्रथिनं बाहेर पडणं अडवणारं रसायन) सुरुवातीलाच, एकूण ६ तास. फ्लो सायटोमीटरवर इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे टी पेशींच्या प्रतिसादाची खूण, जवळजवळ शून्य. त्याच दात्याच्या पेशींना त्याच प्रथिनाच्या पेप्टाइडांचा (छोट्या तुकड्यांचा) पूल दिला की सीडी४ (मदतनीस) आणि सीडी८ (मारक) अशा दोन्ही टी पेशींत ठळक प्रतिसाद. प्रथिन खराब झालं असेल का?

प्रतिसाद १
प्रथिनावर संशय घेण्याआधी ब्रेफेल्डिनची वेळ बदला. टी पेशीला अख्खं प्रथिन कळत नाही, एमएचसी या तुकडे दाखवणाऱ्या रेणूच्या खाचेत बसलेला तुकडाच कळतो. तो तुकडा तयार व्हायला वेळ लागतो: मोनोसाइट प्रथिन गिळते, एंडोसोममध्ये कॅथेप्सिन ते कापतात, खाच आधी झाकून ठेवणारा क्लिप हा तुकडा निघतो, एचएलए-डीएम या सहायक रेणूच्या मदतीने नवा तुकडा बसतो, मग तो पृष्ठभागावर येतो. ब्रेफेल्डिन नव्या एमएचसी-२ (सीडी४ पेशींना तुकडा दाखवणाऱ्या) रेणूंना एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे तुमची साखळी पहिल्याच मिनिटाला अडली. पेप्टाइडांना यातलं काहीच लागत नाही, ती पृष्ठभागावरच्या एमएचसीवर थेट बसतात.

प्रथिनासोबत एकूण १६ तास ठेवा आणि ब्रेफेल्डिन शेवटच्या ५ तासांसाठीच घाला. ब्रेफेल्डिन रात्रभर ठेवलंत तर पेशी मरतात. पेप्टाइडांच्या पूलसाठी मात्र सध्याचे ६ तास पुरेत. डीएमएसओ (पेप्टाइडांचा द्रावक) ०.५ टक्क्याच्या आत ठेवा, आणि नकारात्मक वेलमध्येही तितकंच घाला. हे हमखास विसरलं जातं.

प्रतिसाद २
सीडी८ प्रथिनाला तरीही गप्प राहिल्या तर नवल नाही. बाहेरून दिलेलं विरघळलेलं प्रथिन एमएचसी-१ वर (सीडी८ पेशींना तुकडा दाखवणाऱ्या रेणूवर) फार कमी पोचतं, ते काम मुख्यतः डेंड्रायटिक पेशी करतात. लिस्टेरियासारखा जिवाणू लिस्टेरिओलायसिनने फॅगोसोम फोडून पेशीद्रवात शिरतो, म्हणून तिथे सीडी८ प्रतिसाद जोरदार असतो.

प्रश्नकर्ता
वेळ बदलल्यावर सीडी४ संकेत आला, धन्यवाद! पण क्षयाशी संपर्क न आलेल्या दात्यातही थोडा दिसतोय. प्रथिन उकळून नियंत्रण लावू का?

प्रतिसाद १
नको, त्यातून काहीच ठरणार नाही. एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातला, प्रथिनासोबत येणारा विषारी घटक) उकळून जात नाही. आणि प्रथिनाची घडी मोडली तरी टी पेशीला फरक पडत नाही, तिला कापलेला तुकडाच हवा असतो. प्रतिपिंडांच्या प्रयोगातली ही सवय इथे फसवते.

मुख्य शंका ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनचीच. त्याने मोनोसाइट आयएल-१२ आणि आयएल-१८ हे संदेशरेणू सोडतात, मग एनके (नैसर्गिक मारक) आणि काही टी पेशी तुकडा न ओळखताच इंटरफेरॉन बनवतात. त्याच पद्धतीने शुद्ध केलेलं दुसरं, असंबंधित प्रथिन एका वेलमध्ये द्या. दुसऱ्या वेलमध्ये ईसॅट-६ सोबत एचएलए-डीआर रोखणारं प्रतिपिंड, एल२४३ क्लोन, प्रथिनाच्या अर्धा तास आधी. खऱ्या सीडी४ ओळखीचा संकेत यात स्पष्ट खाली येतो, एंडोटॉक्सिनचा फारसा हलत नाही. फ्लोमध्ये सीडी३ (टी पेशींची खूण) चं गेट आधी नीट लावा, नाहीतर एनके पेशी मोजणीत घुसतील.